ठाण्यातला शनिवार-रविवारचा दिग्दर्शन वर्ग : कॉल शीटला पैकीच्या पैकी, आवाजाला काठावर पास

नौपाड्यात, ठाणे स्टेशनपासून चालत दहा-बारा मिनिटांवर भरणारा चौदा आठवड्यांचा वर्ग. शनिवारी ४ तास, रविवारी ६, म्हणजे कागदावर १४० तास. एका बॅचला २४ जण. फी ३८,००० आणि वर १८ टक्के जीएसटी, एकूण ४४,८४० रुपये. वर्गाचं नाव घेत नाही, कारण खाली कौतुक आहे तशा तक्रारीही बऱ्याच आहेत आणि त्या एकाच बॅचच्या कामावरून केलेल्या आहेत. असेच वर्ग वाशीत, नेरुळात, खारघरला भरतात. तिथे चौकशीला जाणाऱ्यालाही हाच हिशेब उपयोगी पडेल.

असा वर्ग निवडताना लोक बहुधा दोनच गोष्टी विचारतात : कॅमेरा कुठला देता, आणि शिकवणारे सर कुठल्या मालिकेवर होते. आमचा प्रश्न वेगळा आहे. एक विद्यार्थी चौदा आठवड्यांत किती वेळा स्वतः दिग्दर्शन करतो, आणि किती वेळा दुसऱ्याच्या सीनसाठी बूम (लांब दांड्यावरचा माइक) धरून उभा राहतो? पहिल्याइतकाच दुसरा आकडाही महत्त्वाचा. या वर्गाचं उत्तर निदान पहिल्या नऊ आठवड्यांपुरतं तरी चांगलं आहे. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधल्या ३ वर्षांच्या दिग्दर्शन अभ्यासक्रमाशी अशा वर्गाची तुलना करण्यात अर्थ नाही. तिथे जायचं की नाही, हे ठरवण्याआधीची चव म्हणून याच्याकडे पाहावं.

पहिले तीन आठवडे झटपट उरकू. कॅमेऱ्याची ओळख, लेन्स, शॉटचे प्रकार, आणि एक मिनिटाची संवाद नसलेली फिल्म, तीही संकलन न करता. जे ज्या क्रमाने टिपलं तेच दाखवायचं. व्यायाम जुना असला तरी चांगला आहे. मात्र इथे मोबाइल वापरू देतात आणि त्याची सेटिंग कोणी तपासत नाही. घरातल्या ट्यूबलाइटखाली निम्म्या फिल्म लुकलुकतात. कारण साधं आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे अनेक साधे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटर १/५० सेकंद ठेवलं तर प्रत्येक फ्रेममध्ये बरोबर दोन पूर्ण आवर्तनं येतात. मोबाइल मुळात सेकंदाला ३० फ्रेम आणि बरेचदा १/६० वर असतो. तिथे दीडपेक्षा थोडं जास्त आवर्तन येतं आणि पडद्यावर पट्टे सरकताना दिसतात. २५ फ्रेम आणि १/५० हे दोन आकडे पहिल्याच तासाला फळ्यावर लिहायला हवेत. इथे ते पाचव्या आठवड्यात कळतात.

फिरता तक्ता

चौथ्या ते नवव्या आठवड्यापर्यंत जे चालतं, त्यासाठीच हा वर्ग घ्यावा. २४ जणांची चार युनिटं, प्रत्येकात सहा जण. जागा सहा : दिग्दर्शक, फर्स्ट एडी (पहिला सहायक दिग्दर्शक), कॅमेरा, ध्वनी, कंटिन्युइटी-क्लॅप (शॉटमागून शॉट हात, कपडे, वस्तू जुळतात का याची नोंद, आणि पाटी वाजवणं), आणि कला-निर्मिती. सहा रविवार, सहा सीन, दर रविवारी प्रत्येकाची जागा एक घर पुढे सरकते. सहाव्या रविवारी प्रत्येक जण सगळी घरं फिरून आलेला असतो. कोणी 'मला फक्त दिग्दर्शनच करायचंय' म्हणून हटून बसलं तर त्याला फी परत घ्यायला सांगतात. हे आम्हाला आवडलं.

यातलं खरं शिक्षण क्रमात आहे. ज्याने मागच्या रविवारी ध्वनी सांभाळला, तो पुढच्या वेळी दिग्दर्शक झाला की 'पंखा बंद करा' हे त्याला कोणी आठवून द्यावं लागत नाही. ज्याने कंटिन्युइटी केली, तो टेकच्या मधे नटाला 'कप डाव्या हातात घे ना' असं सहज सांगत नाही, कारण त्या एका वाक्याने आधीचे चार टेक बाद होतात हे त्याने स्वतः वहीत लिहिलेलं असतं. म्हणून ध्वनी, कंटिन्युइटी, एडी आणि मग दिग्दर्शक असं फिरणं उत्तम. चक्र म्हटलं की कोणीतरी पहिल्याच रविवारी दिग्दर्शक होणार, ते टळत नाही. ती जागा एकांकिका बसवलेल्या मुलाला किंवा मुलीला द्यावी. ठाण्यात अशी दोन-चार मुलं कुठल्याही बॅचला सापडतातच. वर्ग मात्र तक्ता हजेरीपटाच्या क्रमाने लावतो. त्यामुळे ज्याचं नाव 'अ'वरून सुरू होतं, त्याचा बळी पहिल्या रविवारी जातो.

दुसरी खोट तासांची. वर्गाकडे साहित्याचे संच दोनच आहेत, प्रत्येकात एक मिररलेस कॅमेरा, दोन लेन्स, तिपाई, दोन एलईडी पॅनेल, बूमवरचा शॉटगन माइक, एक लेपल (कपड्याला लावायचा छोटा माइक), एक रेकॉर्डर. युनिटं चार. म्हणून दोन युनिटं १० ते २ आणि दोन २ ते ६. जाहिरातीतले रविवारचे सहा तास या सहा आठवड्यांत प्रत्यक्ष चार होतात. १४० मधले १२ इथेच गेले. त्यात दोन वाजताची देवाणघेवाण म्हणजे कायमचं भांडण. सकाळच्या युनिटने बॅटऱ्या निम्म्या संपवलेल्या असतात, कार्ड रिकामं नसतं. सेकंदाला १०० मेगाबिटवर टिपलं तर तासाला ४५ जीबी होतात, ६४ जीबीच्या कार्डावर साधारण ८५ मिनिटं मावतात. एवढा डेटा साध्या कार्ड रीडरने उतरवायला एका प्रतीला दहा मिनिटं तरी लागतात आणि प्रती दोन हव्यात. म्हणजे सकाळच्या युनिटचं पॅक अप १:३० लाच व्हायला हवं. ते कधी होत नाही, कारण वेळापत्रकात तसं लिहिलेलंच नाही. यावर उपाय फुकट आहे. भरलेल्या कार्डावर लाल चिकटपट्टी लावायची, दोन्ही प्रती उघडून प्रत्येकी पहिली आणि शेवटची क्लिप पाहायची, मगच पट्टी काढायची. कार्ड फॉरमॅट करायचा अधिकार एकाच माणसाला. एका युनिटचा अख्खा सीन असाच पुसला गेला, आणि दोष कोणाचा यावर पुढचा शनिवार खर्ची पडला.

कॉल शीट

कॉल शीट म्हणजे शूटला कोणी, कुठे, कधी यायचं याचं पान. फर्स्ट एडीने शनिवारी रात्री ८ च्या आत ती पाठवली नाही तर रविवारी त्या युनिटला कॅमेरा मिळत नाही. नियम कडक आहे आणि तो पाळलाही जातो. आमचे पैकीच्या पैकी गुण याला.

शीट एका पानाची. सीनचा क्रमांक, पानांचा हिशेब अष्टमांशात (दीड पानाचा सीन म्हणजे १२ अष्टमांश), कोणाला कधी बोलावलं, कपडे, हाताळायच्या वस्तू, शॉटचा क्रम, खाण्याची वेळ, जवळचं रुग्णालय, सूर्यास्त. एवढं कुठेही शिकवतात. इथे दोन ओळी जास्त आहेत आणि त्या ठाण्याच्या अनुभवातून आल्यात हे कळतं. एक : पत्ता लिहिताना पूर्व की पश्चिम, आणि कुठल्या पुलाने उतरायचं. दोन : रविवारचा मेगाब्लॉक. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर ब्लॉक असेल तर डोंबिवलीचा नट आणि दादरची नटी एकाच कॉल टाइमला येऊच शकत नाहीत. ट्रान्स हार्बरवर असेल तर वाशी-ऐरोलीचे लोक अडकतात. एडीने शनिवारी ब्लॉकचं वेळापत्रक पाहून कॉल अर्धा तास सरकवायचा, नाहीतर ज्याला उशीर होणार त्याचे शॉट शेवटी ढकलायचे. हे एकदा केलं की एडीचं काम म्हणजे आरडाओरडा करून सेट गप्प करणं, हा समज जातो.

खाण्याबद्दल एक आगाऊ सल्ला. युनिटला मधल्या वेळेत मामलेदारची मिसळ खायला पाठवू नका. मिसळीबद्दल काही म्हणणं नाही, पण तिथली रांग, मग तिखट, मग पाणी, मग ताक, आणि त्यानंतर बूम धरणाऱ्याचे हात. वडापाव आणि केळी मागवा.

फ्लोअरवरच्या हाका पाठ करून घेतात, तेही योग्यच. एडी 'सायलेन्स' म्हणतो, मग 'रोल साउंड'. ध्वनीवाला 'रोलिंग' म्हणाला की कॅमेरा. मग क्लॅप, आणि शेवटी दिग्दर्शकाचं 'अ‍ॅक्शन'. फिल्मच्या रिळाचे पैसे पडायचे म्हणून आधी आवाज आणि मग कॅमेरा, असा क्रम होता. कार्डाचे पैसे पडत नाहीत तरी क्रम टिकला, कारण प्रत्येक खातं तयार असल्याची खात्री त्यात होते. क्लॅप सुरुवातीला राहून गेली तर शेवटी पाटी उलटी धरून वाजवतात, म्हणजे संकलकाला कळतं की ही शेवटची आहे. विद्यार्थ्यांची नेहमीची चूक 'कट'ची. संवाद संपला रे संपला की तोंडातून 'कट' निघतो. तीन ते पाच सेकंद थांबायला हवं. नटाच्या चेहऱ्यावरची खरी प्रतिक्रिया अनेकदा तिथेच येते, आणि संकलकाला कापायला जागाही तिथेच मिळते.

चार तासांत किती शॉट

विद्यार्थी दीड पानाच्या दोन माणसांच्या सीनला पंधरा ते अठरा शॉटची यादी घेऊन येतात. हिशेब करून बघा. २४० मिनिटं. कॅमेऱ्याशिवाय तालीम ३०, पहिला लाइट आणि पहिली फ्रेम ३०, चहा १०, शेवटी डेटा आणि आवराआवर २०. उरली १५०. नवशिक्या युनिटला एका शॉटला २० मिनिटं लागतात. म्हणजे सात शॉट, फार तर आठ. एक मास्टर (अख्खा सीन एकाच फ्रेममध्ये), दोन सजेशन (एकाच्या खांद्यावरून दुसरा), दोन क्लोज, प्रवेशाचा एक आणि वस्तूचा एक, झाले सात. वर्गात हा हिशेब फळ्यावर करून दाखवतात, पण यादी कापायला लावत नाहीत. 'अनुभवातून शिका' म्हणतात. पहिल्या दोन रविवारी चारही युनिटांचे क्लोज राहून गेले. शिकली मुलं, पण फी भरून एवढं महाग शिकायची गरज नव्हती.

शॉटचा क्रम गोष्टीप्रमाणे लावायचा नसतो, लाइटप्रमाणे लावायचा असतो. एका दिशेला तोंड असलेले सगळे शॉट एकत्र घ्यायचे, मगच कॅमेरा आणि दिवे दुसऱ्या बाजूला वळवायचे. हे इथे नीट शिकवतात. खिडकीसमोरचं काम आधी उरकायचं, हेही. ठाण्यातल्या इमारती इतक्या खेटून आहेत की खिडकीतला उजेड तासाभरात शेजारच्या टॉवरमागे जातो. घरातला पिवळा दिवा आणि खिडकीचा निळसर उजेड एकाच चेहऱ्यावर आला तर रंगसुधारणेत तो चेहरा हाताला लागत नाही. घरातला दिवा विझवा किंवा खिडकीला पडदा लावा, दोन्ही ठेवू नका. दोन एलईडींपैकी एक थेट नटावर न मारता थर्माकोलवर मारायचा, ही एक सवय लागली तरी शॉट निम्मा सुधारतो. थर्माकोलची शीट स्टेशनरीच्या दुकानात मिळते.

इमॅजिनरी लाइन, म्हणजे दोन नटांना जोडणारी काल्पनिक रेषा, शिकवायची इथली पद्धत झकास आहे. दोन नटांच्या पायांमध्ये जमिनीवर सुतळी ताणतात आणि कॅमेरावाल्याला ती ओलांडायची नाही एवढंच सांगतात. दोन माणसांना ते पाच मिनिटांत जमतं. गोंधळ तिसरा माणूस जेवणाच्या टेबलावर बसला की होतो. तिघांत तीन सुतळ्या आहेत; जो ज्याच्याशी बोलतोय ती त्या क्षणाची रेषा. मधल्या माणसाची नजर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे जायला हवी, आणि मुलं त्याचा एकच क्लोज घेऊन मोकळी होतात. मग पडद्यावर तो आईशी बोलताना भिंतीकडे बघतो. फ्लोअरवरच तपासायची सोपी युक्ती आहे : आधीच्या ओके टेकची एक फ्रेम मोबाइलवर शेजारी धरा. समोरासमोर बसलेली दोघं दोन फ्रेममध्ये एकाच बाजूला बघत असतील तर रेषा ओलांडली गेली आहे. ओलांडायचीच असेल तर शॉट चालू असताना कॅमेरा पलीकडे न्या, नटाला उठवून हलवा, किंवा मधे रेषेवरचा एक शॉट ठेवा.

नटांबरोबरच्या कामाला दोन शनिवार देतात, आणि ते या वर्गातले सर्वांत बारकाईने शिकवलेले तास आहेत. 'चहा घेणार?' एवढंच वाक्य देतात. तेच वाक्य समोरच्याला हाकलण्यासाठी, थोपवण्यासाठी, माफी मागण्यासाठी, टोचण्यासाठी, काहीतरी लपवण्यासाठी म्हणायचं. दिग्दर्शकाने नटाला क्रियापद द्यायचं; 'जरा दुःखी हो' म्हणायला बंदी. 'दुःखी हो' म्हटलं की नट दुःखाचा चेहरा करतो, 'त्याला थांबव' म्हटलं की काहीतरी करू लागतो. या भागात बहुतेक नट गडकरी रंगायतन किंवा घाणेकर नाट्यगृहाच्या रंगमंचावरून, एकांकिकांमधून येतात. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवायची त्यांची सवय क्लोजमध्ये ओरडण्यासारखी वाटते. त्यांना 'कमी कर' म्हटलं की आवाजाबरोबर जोरही जातो, शॉट मरतो. त्यापेक्षा समोरच्या नटाला कॅमेऱ्याच्या बाजूला, दोन फुटांवर आणून बसवा. अंतर कमी झालं की आवाज आपोआप उतरतो, जोर राहतो.

नटाला सूचना एकाच तोंडून जायची, हा नियमही इथे कडक आहे. कॅमेरावाल्याला काही खटकलं तर त्याने दिग्दर्शकाला सांगायचं, तेही कानात. शनिवारी आदल्या रविवारचा सीन पाहताना उलटं : दिग्दर्शकाने पहिली दहा मिनिटं गप्प बसायचं. आधी ध्वनीवाला बोलतो, मग कंटिन्युइटी, मग बाकीचे. स्वतःचं समर्थन करायला संधीच नसल्यामुळे भांडणं बरीच कमी होतात. चोवीस वेगवेगळ्या स्वभावांची मुलं सहा आठवडे एकत्र टिकतात, त्याचं श्रेय या दोन नियमांना.

कंटिन्युइटीचा तक्ता छापील मिळतो. शॉट, टेक, कालावधी, ओके-एनजी-होल्ड (चांगला, बाद, राखून ठेवलेला), शेरा. शेऱ्यात काय लिहायचं हे मात्र सांगत नाहीत. तीन गोष्टी पुरतात : कुठल्या शब्दावर उठला, कुठला हात, कपात चहा किती. प्रत्येक ओके टेकच्या शेवटी नट जागेवरच असताना एक फोटो.

आवाज

इथे वर्ग उणा पडतो. ध्वनीला सगळा मिळून एकच शनिवार, त्यातला निम्मा माइकच्या प्रकारांत जातो. सहापैकी चार रविवारचे सीन पाहताना आवाज कॅमेऱ्याच्या माइकवरून घेतलाय की काय असं वाटतं, हातात शॉटगन असूनही.

चूक एकच आणि पुन्हा पुन्हा तीच : बूम लांब. फ्रेममध्ये येईल या भीतीने बूमवाला चार-पाच फुटांवर धरतो. माइक तोंडापासून दीड ते दोन फुटांवर, वरून, छातीकडे रोखलेला हवा. अंतर निम्मं केलं की बोलणाऱ्याचा आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो आणि खोलीचा घुमारा जवळपास तेवढाच राहतो. हा फरक सॉफ्टवेअरने नंतर पुरता आणता येत नाही. शॉट लावताना कॅमेरावाल्याने बूमवाल्याला 'खाली ये, अजून खाली, आता दिसला, एवढा वर' असं करून फ्रेमची कड दाखवायची. अर्ध्या मिनिटाचं काम. दोन खात्यांनी एकमेकांशी बोलायचं असतं, याचा याहून सोपा धडा नाही, आणि तो तक्त्यात कुठेच नाही.

रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर. संवादाची टोकं रेकॉर्डरच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास, ओरडण्याच्या वाक्याला उणे ६ च्या वर नाही. तालमीत पातळी लावू नका. नट तालमीत हळू बोलतात आणि टेकला चढतात. कॅमेऱ्यावरचा आवाज पायलट म्हणून चालू ठेवाच, रेकॉर्डरचा आवाज चित्राशी जुळवायला लागतो. प्रत्येक जागी, सगळे आहेत तिथेच उभे राहून, ३० सेकंद रूम टोन, म्हणजे कोणी बोलत नसताना त्या जागेचा आवाज. हा पॅक अपच्या आधी राहतोच, म्हणून एडीने तो शॉटच्या यादीत शेवटचा शॉट म्हणून लिहून टाकावा.

फ्लॅटमध्ये शूट असेल तर फ्रिज बंद करायचा आणि गाडीची किल्ली फ्रिजमध्येच ठेवायची, म्हणजे निघताना तो चालू करायला विसरत नाही. पंखा, एसी, पाण्याची मोटर कधी सुटते हे सोसायटीच्या वॉचमनला विचारून कॉल शीटवर लिहायचं. कुकरच्या शिट्ट्या ११ ते १२, त्या वेळात मूक शॉट घ्या. लोकलचा आवाज सगळे धरतात. रिक्षाच्या हॉर्नचा धरत नाहीत, आणि तो संवादाच्या नेमक्या पट्टीत येतो.

मोबाइलवर टिपणाऱ्यांसाठी आणखी एक अडचण. बरेच फोन फ्रेमचा वेग स्थिर ठेवत नाहीत. स्वतंत्र रेकॉर्डरचा आवाज क्लॅपला जुळतो आणि चार मिनिटांनी ओठांपासून सुटतो. संकलनाआधी क्लिप स्थिर २५ फ्रेममध्ये बदलून घ्या, हँडब्रेक नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये होतं. संकलनाला इथे दा विंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती शिकवतात, निवड बरोबर आहे. मात्र ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर ती रडते. प्रॉक्सी (संकलनापुरत्या हलक्या प्रती) कशा बनवायच्या हे पहिल्या तासाला दाखवलं असतं तर निम्म्या मुलांनी मान टाकली नसती.

शेवटची फिल्म

दहाव्या आठवड्यात वर्गाची घडी विस्कटते. अंतिम फिल्म पाच ते सात मिनिटांची, युनिटला एक. म्हणजे २४ पैकी चौघंच दिग्दर्शन करणार. ते कोण हे मतदानाने ठरतं, आणि मतदानात संहितेपेक्षा मैत्री जिंकते. सहाही जणांकडून एक पानाची गोष्ट आणि तिची शॉटची यादी, नावं झाकून, बाहेरच्या माणसाकडून वाचून घेतली असती तर कोणाची तक्रार राहिली नसती. मतांत हरलेल्यांपैकी काही जण पुढच्या चार आठवड्यांत मन लावून काम करत नाहीत, आणि सहा जणांच्या युनिटला दोन रुसलेली माणसं परवडत नाहीत.

साहित्याचे दोनच संच असल्यामुळे दोन युनिटं अकराव्या आठवड्यात शूट करतात, दोन बाराव्यात. दाखवायचं चौदाव्यात. पहिल्यांना संकलनाला मधले दोन आठवडे मिळतात, दुसऱ्यांना एकच, त्यांची धावपळ. चिठ्ठ्या टाकून आठवडा ठरवतात, एवढाच काय तो न्याय.

फीमध्ये न येणारा खर्च आधी कोणी सांगत नाही. चहा-नाश्ता, नटांचा प्रवास, वस्तू, एक हार्ड डिस्क धरून युनिटला नऊ ते बारा हजार लागतात. सहा जणांत वाटले तर डोक्यावर दीड ते दोन हजार. निर्मिती सांभाळणाऱ्याने पहिल्याच दिवशी प्रत्येकाकडून हजार रुपये जमा करून हिशेब ग्रुपवर टाकावा. पैशावरून फुटलेलं युनिट गोष्टीवरून फुटलेल्या युनिटापेक्षा जोडायला अवघड.

परवानगीबद्दल वर्गात मिळणारा सल्ला सरळ चुकीचा आहे : 'विद्यार्थी आहात, फोनवर करा, कोणी विचारत नाही.' विचारतात. तलावपाळीवर तिपाई उघडली की दहा मिनिटांत कोणीतरी येतं. रेल्वेच्या हद्दीत रेल्वेची परवानगी लागते, आणि वाशी किंवा बेलापूर स्टेशनचे प्रशस्त चौक कितीही मोहात पाडत असले तरी तिथे परवानगी कोणाची लागते ते आधी विचारा. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथे वनखातं. बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज छान दिसतं, पण ती लोकांची घरं आहेत; आधी जाऊन बोला. पाच मिनिटांच्या फिल्मसाठी घर, गच्ची, ओळखीचं दुकान आणि सोसायटीच्या समितीचं सही-शिक्क्याचं पत्र एवढं भरपूर झालं. गच्ची घेतली तर टाकीचा आवाज ऐकून घ्या.

पार्श्वसंगीतात हिंदी गाणं टाकू देतात, 'फक्त वर्गात दाखवायचंय' म्हणून. मग तीच फिल्म यूट्यूबवर किंवा महोत्सवाला पाठवायची वेळ आली की हक्कांची अडचण उभी राहते आणि सगळा शेवट पुन्हा कापावा लागतो. ओळखीत कोणी पेटी-तबला वाजवणारं असेल तर त्याच्याकडून दोन मिनिटं वाजवून घ्या आणि वापराची लेखी संमती ठेवा.

पाचपैकी साडेतीन. सहा रविवारांचा फिरता तक्ता आणि नटांचे दोन शनिवार यांचे पैसे वसूल होतात; ध्वनी, संकलन आणि शेवटचे पाच आठवडे यांचे होत नाहीत. प्रमाणपत्र मिळतं, ते सेटवर कोणी विचारत नाही. चौकशीला जाल तेव्हा मागच्या बॅचचा तक्ता, एक कॉल शीट आणि शेवटच्या चारही फिल्म मागा, निवडक एक नको. आणि त्या हेडफोन लावून बघा.

बॅच वर्षाला दोन. जूनची घेतली तर सीनचे सहा रविवार जुलै-ऑगस्टच्या पावसात येतात, पत्र्यावरचा पाऊस प्रत्येक टेकमध्ये वेगळा वाजतो, आणि अंतिम शूटच्या सुमाराला ढोल-ताशाच्या सरावाला किंवा गणपतीच्या मंडपालाच गाठ पडते. नोव्हेंबरची घ्या. डिसेंबर-जानेवारीत पंखा बंद ठेवून चार मिनिटांचा टेक देताना नटाच्या कपाळावर घाम येत नाही.